चढत्या-उतरत्या वेगाचा हिशेब

वेग सारखा असला म्हणजे अंतर काढणें हें चौथींतल्या मुलाचें काम आहे. ताशीं ४० किलोमीटर वेगानें गाडी ३ तास चालली, तर किती अंतर गेली? १२० किलोमीटर. येथें विचार करावयास कांहींच नाहीं. परंतु अशी गाडी रस्त्यावर कोणीं पाहिली आहे? खरी गाडी सुटतांना हळू असते, मोकळा रस्ता मिळाला कीं वेग घेते, घाटांत मंदावते आणि गांव लागलें कीं रेंगाळते. पाठ्यपुस्तकांतली गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांच्यांत हा जो भेद आहे, तो मिटविण्यासाठीं मनुष्याच्या बुद्धीला जवळजवळ दोन हजार वर्षें झटावें लागलें, असें म्हटलें तर ती अतिशयोक्ति होणार नाहीं. या महिन्यांत त्याच प्रश्नाविषयीं चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे. निमित्त अर्थात् घरचेंच आहे.

गेल्या वैशाखांत एका लग्नाकरितां आम्ही सर्व मंडळी गांवीं निघालों. घरची मोटार जुनी. एकंदर किती किलोमीटर झाले हें दाखविणारे तिच्यांतील आंकडे केव्हांच फिरावयाचे थांबले आहेत; वेगाचा कांटा मात्र अद्याप इमानानें हलतो. वाटेंत ज्या टपरीवर चहा घेतला, तेथून गांवच्या वेशीपर्यंत बरोबर एक तास लागला. गाडी माझा पुतण्या हांकीत होता. त्याला परवाना मिळून जेमतेम सहा महिने झाले होते. शेजारीं त्याची धाकटी बहीण बसली होती. ती यंदा आठवींत आहे. टपरी सोडतांना तिनें मला विचारलें, "काका, आंकडे बंद आहेत, पण कांटा चालू आहे. नुसत्या कांट्यावरून आपण किती अंतर आलों तें कळेल का हो?"

मीं म्हटलें, "दर दहा मिनिटांनीं कांटा पाहा आणि वहींत मांड. मग रात्रीं बघूं."

तिनें मांडलेलें टिपण येणेंप्रमाणें होतें :

सुरुवातीस : ०
१० मिनिटांनीं : ताशीं ३६ किलोमीटर
२० मिनिटांनीं : ६०
३० मिनिटांनीं : ७२
४० मिनिटांनीं : ३० (घाट)
५० मिनिटांनीं : ५४
६० मिनिटांनीं : ० (गांव)

रात्रीं जेवणें आटोपल्यावर ओसरीवर वही उघडली गेली. माझे थोरले बंधू हिशेबांत वाकबगार. उभी हयात जमाखर्च तपासण्यांत गेली. त्यांनीं वहीकडे एकवार पाहून सांगितलें, "सात आंकडे आहेत. बेरीज २५२. सातानें भागिलें कीं सरासरी ३६. प्रवास एक तासाचा. तेव्हां ३६ किलोमीटर. झालें."

पुतणी मान हलवूं लागली. ती म्हणाली, "बाबा, पहिला शून्य तर आपण टपरीवर उभे होतों त्या क्षणाचा आहे आणि शेवटचा गांवीं पोंचल्यावरचा. त्या शून्यांनीं कांहीं दहा-दहा मिनिटें घेतलेलीं नाहींत. मग त्यांना बाकीच्यांइतकाच मान कां द्यावयाचा?" नंतर तिनें आपली रीत सांगितली. पहिल्या दहा मिनिटांत वेग ० पासून ३६ पर्यंत चढला. तो बेतानें चढला असें धरलें तर त्या वेळांतील मध्यम वेग १८. ताशीं १८ म्हणजे दहा मिनिटांत ३ किलोमीटर. पुढच्या दहा मिनिटांत ३६ चे ६० झाले. मध्यम ४८, अंतर ८. याच रीतीनें पुढें ११, साडेआठ, ७ आणि साडेचार. एकूण बेरीज ४२ किलोमीटर.

एकीकडे ३६ आणि दुसरीकडे ४२. वाद रंगणार, इतक्यांत वाती वळीत बसलेल्या माझ्या आई म्हणाल्या, "चाळीस आहेत. टपरीसमोरच्या दगडावरच लिहिलेलें आहे. सकाळीं तुम्ही सगळे त्याला टेकूनच चहा प्यालांत."

ओसरीवर क्षणभर शांतता पसरली. आम्हां तिघां गणितज्ञांपैकीं एकानेंहि तो दगड वाचला नव्हता. बंधूंचें उत्तर चार किलोमीटरनीं कमी आलें होतें. पुतणीचें दोननीं जास्त. बंधूंची चूक रीतीची होती. पुतणीची रीत योग्य होती, तरीहि दोन किलोमीटर कोठें गेले हा प्रश्न उरलाच. त्याचें उत्तर पुढें येईल. तूर्त तिची रीत योग्य कशी, तें पाहूं.

एक कागद घेऊन त्यावर खालीं एक आडवी रेघ ओढा आणि तिच्यावर वेळ मांडा. डाव्या हाताला एक उभी रेघ ओढून तिच्यावर वेग मांडा. जी गाडी तीन तास एकसारखी ताशीं ४० नें चालली, तिचें चित्र म्हणजे ४० च्या उंचीवर ओढलेली एक सपाट रेघ होय. त्या रेघेखालीं जो आयत तयार होतो त्याची रुंदी ३, उंची ४० आणि क्षेत्रफळ १२०. हा १२० चा आंकडा म्हणजेच गाडीनें तोडलेलें अंतर. आतां वेग बदलता असला म्हणजे वरची रेघ सपाट न राहतां डोंगरासारखी चढती-उतरती होते. पण तिच्याखालील क्षेत्रफळ म्हणजे अंतर, हा नियम मोडत नाहीं. कारण त्या डोंगराचे अगदीं अरुंद असे उभे काप केले, तर प्रत्येक कापापुरता वेग जवळजवळ सारखाच असतो. प्रत्येक काप हा एक बारीक आयतच होय. त्याचें क्षेत्रफळ म्हणजे तेवढ्या वेळांतील अंतर. सर्व कापांची बेरीज म्हणजे सर्व अंतर. आमच्या पुतणीनें दहा-दहा मिनिटांचे सहा काप केले आणि प्रत्येकाचा माथा तिरपा, पण सरळ आहे असें मानिलें. अशा आकृतीला भूमितींत समलंब चौकोन म्हणतात. दोन्ही बाजूंच्या उंचींची बेरीज निम्मी करून रुंदीनें गुणिली कीं त्याचें क्षेत्रफळ मिळतें.

हीच गोष्ट गृहिणींना बँकेच्या पुस्तकावरून अधिक लवकर पटेल. एखाद्या खात्यांत महिन्याचे पहिले २० दिवस १०,००० रुपये होते आणि शेवटचे १० दिवस ४०,००० होते. सरासरी शिल्लक किती? घाईनें कोणी २५,००० म्हणेल. परंतु दहा हजार वीस दिवस राहिले, म्हणजे दोन लक्ष. चाळीस हजार दहा दिवस राहिले, म्हणजे चार लक्ष. एकूण सहा लक्षांस तीस दिवसांनीं भागिलें असतां खरी सरासरी २०,००० येते. आपल्या देशांतील बँकांत १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावरील व्याज या रोजच्या शिलकीवरच काढतात. त्यापूर्वीं दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावरच व्याज मिळे, आणि मध्यें कांहीं दिवस मोठी रक्कम पडून राहिली तरी तिचें चीज होत नसे. रक्कम आणि ती किती काळ टिकली, या दोहोंचा गुणाकार महत्त्वाचा. वेगाचेंहि तसेंच. एखादा मनुष्य १२० किलोमीटर ताशीं ४० नें गेला आणि तेवढेंच अंतर ताशीं ६० नें परत आला, तर त्याची सरासरी ५० नव्हे, ४८ पडते. कारण जावयास ३ तास लागले आणि यावयास दोनच. मंद वेगानें अधिक वेळ खाल्ला, म्हणून सरासरींत त्याचा वांटा मोठा.

ही युक्ति किती जुनी असावी? परवांपरवांपर्यंत विद्वानांची समजूत अशी होती कीं, वेग व काळ यांचें चित्र कल्पून त्याच्या क्षेत्रफळावरून अंतर काढण्याचा विचार चौदाव्या शतकांतला. ऑक्सफर्ड येथील मर्टन कॉलेजांतील पंडितांनीं त्या शतकाच्या पूर्वार्धांत असा नियम सांगितला कीं, वेग एकसारख्या प्रमाणांत वाढत गेला तर मधल्या वेगानें तेवढाच वेळ चालल्यानें जें अंतर होईल तेंच एकूण अंतर होय. सुमारें १३५० च्या सुमारास फ्रान्समधील निकोल ओरेम यानें त्याची आकृति काढून तें भूमितीनें सिद्ध केलें. परंतु २०१६ सालीं माथ्यू ओसेनड्रेव्हर या संशोधकानें ब्रिटिश म्यूझियममधील बाबिलोनच्या मातीच्या विटा वाचून असें प्रसिद्ध केलें कीं, हीच रीत त्याच्या कितीतरी शतकें आधीं, म्हणजे ख्रिस्तपूर्व ३५० ते ५० या काळांत, बाबिलोनच्या ज्योतिषांना अवगत होती.

त्या विटांवरील उदाहरण आमच्या पुतणीच्या वहींतल्या हिशेबाशीं इतकें जुळतें कीं, तें येथें दिल्यावांचून राहवत नाहीं. गुरु हा ग्रह सूर्याच्या तेजांतून बाहेर पडून पहांटे प्रथम दिसूं लागला, त्या दिवशीं त्याची गति रोज १२ कला धरली आहे. (एका अंशाच्या ६० कला होतात, हें पंचांग पाहणारांस सांगणें नलगे.) साठ दिवसांनीं ती उतरत उतरत साडेनऊ कलांवर येते. तर साठ दिवसांत गुरु किती सरकला? १२ आणि साडेनऊ यांची बेरीज साडेएकवीस. तिचें निम्में पावणेअकरा. त्याला ६० नें गुणिलें म्हणजे ६४५ कला, अर्थात् १० अंश ४५ कला. पुढील साठ दिवसांत गति साडेनऊवरून दीड कलेवर उतरते. तेव्हां त्या काळांत तो ३३० कला, म्हणजे साडेपांच अंश सरकतो. ओल्या मातीवर बोरूनें खिळ्यासारखीं अक्षरें उमटविणाऱ्या त्या अज्ञात ज्योतिषानें, आपल्या ओसरीवर बसून आठवींतली मुलगी करते, तोच समलंब चौकोन कल्पिला होता.

आपल्याकडेहि हा प्रश्न अपरिचित नव्हता. किंबहुना तो आपल्या भिंतीवर दर वर्षीं टांगलेला असतो. पंचांगांत एखाद्या तिथीचा क्षय होतो, एखादीची वृद्धि होते. याचें कारण बहुतेक घरांत कोणी विचारीत नाहीं. चंद्र सूर्याच्या पुढें १२ अंश गेला म्हणजे एक तिथि पुरी झाली. म्हणजे प्रत्येक तिथीचें अंतर ठरीव आहे. परंतु चंद्राचा वेग ठरीव नाहीं. तो पृथ्वीच्या जवळ असतां दिवसाला सुमारें १५ अंश चालतो. दूर असतां सुमारें १२ च अंश. सूर्य दिवसाला सुमारें एक अंश पुढें सरकतो, तो वजा घालावा लागतो. म्हणून तेच १२ अंश तोडावयास कधीं सुमारें २० तास पुरतात, तर कधीं सुमारें २७ तासहि लागतात. दोन सूर्योदयांच्या मध्येंच जी तिथि सुरू होऊन संपली, तिचा क्षय. जी दोन सूर्योदयांना स्पर्श करून गेली, तिची वृद्धि. एकादशी अमुक दिवशीं कां आणि तमुक दिवशीं कां नाहीं, यावर घरोघर जे वाद होतात, त्यांच्या मुळाशीं चंद्राचा हा बदलता वेगच आहे.

या बदलत्या वेगाचें मर्म ओळखणारा मोठा गणिती आपल्याच सह्याद्रीच्या परिसरांतला. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, 'सिद्धांतशिरोमणि' हा ग्रंथ रचिला. आज ग्रह कोठें आहे आणि उद्यां कोठें असेल, या दोहोंची वजाबाकी म्हणजे त्याची एका दिवसाची स्थूल गति. भास्कराचार्य सांगतात कीं एवढ्यानें भागणार नाहीं. चंद्राची गति मोठी असून क्षणोक्षणीं बदलते, तेव्हां तिथीचा शेवट अचूक काढावयाचा तर त्या क्षणाची, म्हणजे 'तात्कालिक' गति घेतली पाहिजे. मोटारींतला कांटा जें दाखवितो तें हेंच. तो या क्षणाची गति दाखवितो, सबंध तासाची नव्हे. त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनाकरितां मठ स्थापिला; तशा अर्थाचा शिलालेख चाळीसगांवजवळील पाटण येथें आहे. पाटणादेवीच्या दर्शनास जाणाऱ्या वाचकांनीं त्याचें स्मरण अवश्य ठेवावें.

क्षणाची गति आणि सबंध अंतर हीं एकाच नाण्याचीं दोन अंगें आहेत. अंतरावरून क्षणाची गति काढतां येते. क्षणाक्षणाच्या गतीवरून अंतर उभारतां येतें. आणि या दोन क्रिया परस्परांच्या उलट आहेत. हें व्यापक रूपानें सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत न्यूटन आणि लायब्निट्स यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें. महाविद्यालयांत ज्या विषयाच्या नांवानें पुष्कळ विद्यार्थ्यांस कांपरें भरतें, त्या कलनशास्त्राचा गाभा एवढाच आहे : काप जितके बारीक, तितकी बेरीज खरी.

आणि काप बारीक नसले तर काय होतें? त्याचें उत्तर आमच्या हरवलेल्या दोन किलोमीटरांत आहे.

टपरी सोडून सुमारें पंधरा मिनिटें झालीं असतील. एक वळण घेऊन गाडी पुढें आली तों समोर धनगराचा कळप रस्त्यावर उतरत होता. कांटा त्या वेळीं ५० वर असावा. पुतण्यानें जोरानें ब्रेक दाबला. मागें ठेवलेला फराळाचा डबा पुढें येऊन आदळला. आईंनीं "नारायण, नारायण" म्हटलें. आणि गाडी उभी राहिली. पुढल्या मेंढीला वळविण्याकरितां तिच्या मानेवर हात टाकून धनगराचा एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा रस्त्याच्या मधोमध उभा होता. त्याच्या खांद्यावर एक कोंकरूं होतें. त्याच्या आणि गाडीच्या मध्यें दोन हातांचें अंतर राहिलें. त्यानें आमच्याकडे एकवार पाहिलें आणि मेंढी वळविली. सारा कळप ओलांडून जावयास दोन-अडीच मिनिटें लागलीं. त्यानंतर गांव येईपर्यंत पुतण्या कोणाशीं बोलला नाहीं.

आतां ती वही पाहा. दहाव्या मिनिटास ३६, विसाव्यास ६०. मध्यें कळप नाहीं, मुलगा नाहीं, डबा आदळल्याचा आवाज नाहीं. वेग ३६ वरून ६० पर्यंत सुरळीत चढला, असेंच तो हिशेब धरून चालतो. प्रत्यक्षांत मध्यें दोन-अडीच मिनिटें गाडी उभी होती. त्या वेळांत जे दोन किलोमीटर व्हावयाचे ते झालेच नाहींत. ४२ आणि ४० यांतला फरक तो हा. पुतणीचे आंकडे खोटे नव्हते. परंतु दोन आंकड्यांच्या मध्यें जें घडलें त्याविषयीं आंकडे मुके होते, आणि त्या दिवसाच्या प्रवासांत लक्षांत ठेवण्यासारखें जें काय घडलें तें नेमकें तेथेंच.

ओसरीवर हें सारें निघालें तेव्हां पुतण्यानें प्रथमच तोंड उघडलें. तो म्हणाला, "काका, मी पन्नासच्या वर नव्हतों. पण समजा साठ असतों, तर पन्नासवाला जेथें थांबला तेथें मी फार तर दहाच्या वेगांत असतों. साठांतून पन्नास गेले, दहा उरले. सायकलचा धक्का बसावा तेवढा धक्का."

हा तर्क इतका सरळ वाटतो कीं, घरांतील तीन-चार जणांनीं मानाहि डोलावल्या. म्हणून तोच हिशेब मीं त्याच कागदावर, त्याच रीतीनें मांडावयास सांगितला. वाचकांनींहि पेन्सिल घेऊन तो मांडावा.

ताशीं ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारें १४ मीटर. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध मनुष्यालाहि सुमारें एक सेकंद लागतो. त्या सेकंदांत वेग मुळींच कमी होत नाहीं. चित्रांत तो १४ उंचीचा आयत. अंतर १४ मीटर. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या चाकांनीं, वेग दर सेकंदास सुमारें ७ मीटरनीं उतरतो असें धरूं. १४ चा शून्य होण्यास २ सेकंद लागतील. येथें चित्रांत त्रिकोण होतो. पाया २, उंची १४, क्षेत्रफळ १४ मीटर. दोन्ही मिळून २८ मीटर. आमची गाडी २८ मीटरांत थांबली.

आतां साठचें पाहूं. ताशीं ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. पहिल्या सेकंदांतच १६.७ मीटर संपले. २८ पैकीं उरले ११.३. ब्रेक लागल्यापासून पुरतें थांबण्यास मात्र या गाडीला सुमारें २० मीटर हवेत. म्हणजे मुलगा उभा होता त्या जागीं पोंचतांना तिचे सुमारें ८.७ मीटर अद्याप शिल्लक आहेत. हे ८.७ मीटर म्हणजे मोठ्या त्रिकोणाच्या टोंकाशीं उरलेला लहान त्रिकोण. दोन्ही त्रिकोण सारख्या आकाराचे असल्यामुळें त्यांचीं क्षेत्रफळें उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत असतात. मोठ्या त्रिकोणाची उंची ताशीं ६०. मग लहानाची किती? ८.७ ला २० नें भागून वर्गमूळ काढा, सुमारें ०.६६ येतें. ६० चे ०.६६ पट म्हणजे ताशीं ४०.

पुतण्यानें तीन वेळां हिशेब तपासला. दहा नव्हे, चाळीस. पन्नासनें जाणारा जेथें दोन हात राखून उभा राहतो, त्याच जागीं साठनें जाणारा ताशीं ४० च्या वेगानें आदळतो.

असें कां व्हावें? त्रिकोणाकडे नीट पाहिलें कीं कळतें. पन्नासच्या गाडीनें ब्रेक लावल्यावर पहिल्या सेकंदांत वेग १४ वरून ७ वर आला. अंतर साडेदहा मीटर. दुसऱ्या सेकंदांत ७ चा शून्य झाला. अंतर साडेतीन मीटर. वेळ सारखा, वेगांतली घटहि सारखी. पण अंतर पहिल्यांत तिप्पट. गॅलिलिओनें तिरप्या फळीवरून गोळे सोडून हेंच उलट्या दिशेनें पाहिलें होतें; सारख्या वेळांत गोळा १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणांत अंतर तोडीत जातो, असें त्यानें १६३८ च्या आपल्या ग्रंथांत सांगितलें. थांबणाऱ्या गाडीला तोच क्रम उलटा लागतो. आरंभीच्या चढ्या वेगांतच बहुतेक अंतर खर्च होतें, आणि खरा वेग उतरतो तो अगदीं शेवटच्या चार-दोन मीटरांत. ते चार-दोन मीटरच हातीं नसले तर वेग उतरावयास जागा कोठें उरली? याच कारणानें वेग दुप्पट केला तर ब्रेक लावल्यानंतरचें अंतर दुप्पट होत नाहीं, चौपट होतें; कारण त्रिकोणाचा पायाहि दुप्पट होतो आणि उंचीहि. आणि हा सर्व हिशेब कोरड्या रस्त्याचा. पावसानें भिजलेल्या रस्त्यावर वेग इतका लवकर उतरत नाहीं. चित्रांतला त्रिकोण लांबट होतो आणि तितकेच मीटर वाढतात.

बंधूंनीं चष्मा काढून ठेवला आणि एवढेंच म्हणाले, "जमाखर्चांत चुकलें तर दुसऱ्या दिवशीं दुरुस्त करतां येतें." आईंनीं वाती डब्यांत भरल्या. पुतण्यानें कागदाची घडी करून खिशांत ठेवली.

परत येतांना पुतणीनें दर दोन मिनिटांनीं कांटा टिपला. घाट, गांवें, एका ठिकाणीं टांकी भरावयास थांबलों तीं मिनिटें, सारीं तिच्या वहींत आलीं. बेरीज ४० किलोमीटरांच्या अगदीं जवळ आली. त्या वळणापाशीं कळप नव्हता, रस्ता मोकळा होता. तरी तेथें वहींत ३२ चा आंकडा आहे. त्याविषयीं कोणीं कांहीं बोललें नाहीं.

आतां मुलांकरितां या महिन्याचें गणित देतों. लोकलगाडी एका स्थानकावरून सुटली. पहिल्या ३० सेकंदांत तिचा वेग शून्यापासून बेतानें वाढत ताशीं ५४ किलोमीटर झाला. पुढें ९० सेकंद ती त्याच वेगानें धांवली. शेवटच्या ३० सेकंदांत वेग बेतानें उतरून गाडी दुसऱ्या स्थानकावर उभी राहिली. दोन स्थानकांमध्यें अंतर किती मीटर? प्रथम ताशीं ५४ चे दर सेकंदाचे मीटर करून घ्यावे, मग आकृति काढावी. आकृति ओळखतां आली तर हिशेब एका ओळीचा आहे. वडील मंडळींनीं उत्तर सांगूं नये. तें पुढील अंकीं येईल.